स्की ठीक आहे

मला ती नोकरी मिळाली ती माझ्या आज्ञाधारकपणामुळे. हे मी अभिमानाने सांगत नाही.

शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवला होता. वर तारीख, मग 'माननीय महोदय', आणि शेवटी 'आपली आज्ञाधारक'. कोल्हापूरजवळच्या आमच्या शाळेत यावर गुण असत आणि मला ते पुरेपूर मिळत. शिकायला कॅनडात बर्नाबीला आले आणि अर्धवेळ नोकरीसाठी अर्ज करायची वेळ आली, तेव्हा मी तोच अर्ज इंग्रजीत केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे तपासून घ्यायला कोणी नव्हतं. ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहत होते त्या काकूंना दाखवता आला असता, पण लाज वाटली. खाली मी इंग्रजीत लिहिलं, आपली आज्ञाधारक, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून एका बाईचा घोगरा आवाज म्हणाला, "ती आज्ञाधारक मुलगी तूच का?"

मी हो म्हटलं.

"मी आयुष्यात एकही आज्ञाधारक माणूस पाहिलेला नाही. बघायला बोलावतेय. ये."

ही आमची पहिली ओळख. जागा म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतली एक पत्र्याची शेड होती. तिथे स्की बनत. मी बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला, आणि स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब फळ्या एवढंच मला ठाऊक होतं. काम होतं वेबसाइटवर त्या फळ्यांबद्दल लिहायचं.

'बाई' हे नाव मीच दिलं. पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणाले तर त्या म्हणाल्या, "मॅडम म्हटलं की मला वाटतं बँकेतून फोन आलाय." सगळी शेड त्यांना पहिल्या नावाने हाक मारी. मला ते जमेना. आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायची म्हणजे जीभ टाळूला चिकटे. शेवटी मी सांगितलं, आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात. ते त्यांना आवडलं. थोड्याच दिवसांत सगळे त्यांना 'बाय' म्हणू लागले, आणि शेडमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळून जाई, की हे लोक आत आल्याआल्या निरोप का घेताहेत.

बाई एके काळी मोठ्या खेळाडू होत्या. शर्यतीच्या नव्हेत. "शर्यतीत घड्याळाशी भांडण असतं," त्या म्हणत, "आमचं भांडण जमिनीशी." उतारावरून वेगाने यायचं, उडी मारायची, हवेत गिरक्या घ्यायच्या, आणि खाली टेकायचं ते पाठ उताराकडे करून, म्हणजे चक्क उलटं. उलटं उतरण्यात बाईंच्या तोडीचं कोणी नव्हतं, असं जुने लोक सांगत. मी गेले तोवर दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि उडी मारायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. माळ्यावरच्या ऑफिसातून खाली येताना बाई जिना उलटा उतरत, शिडी उतरावी तसा, कठडा धरून. कोणी हात द्यायला गेलं की म्हणत, "बाजूला हो. यात मी बक्षिसं मिळवलीत."

कंपनी निघाली ती फुलांमुळे. बाई नावारूपाला आल्या तेव्हा त्यांना स्की पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांच्या नावाची स्की काढायचं ठरवलं. नमुना आला. पुरुषांचीच स्की, जराशी आखूड केलेली, आणि वर जांभळी फुलं. बाईंनी विचारलं, ही उलटं उतरायला चालेल का? उत्तर आलं, बायका कशाला उलट्या उतरतील? बाईंनी तिथेच नातं तोडलं. "फुलं मला आवडतात," त्या सांगत, "पण कुंडीत." मग मैत्रिणीच्या गराजमध्ये लाकडाच्या पट्ट्या चिकटवून, ट्रक उचलायच्या जॅकने दाबून त्यांनी स्वतःची पहिली जोडी बनवली. पहिल्याच दिवशी ती मोडली. बाईंनी ती खिळा ठोकून भिंतीवर लावली.

ती भिंत हेच शेडमधलं मुख्य दर्शन. पहिल्या मोडक्या जोडीच्या शेजारी पुढे आणखी लागत गेल्या. कोणाची टोकाला चिरलेली, कोणाची मधोमध दुभंगलेली, आणि प्रत्येकीखाली खडूने लिहिलेलं, कोणी मोडली आणि कशी. येता-जाता बाई त्यांना हात लावत. पहिल्या दिवशी तो सगळा प्रकार पाहून मी तिथे बूट काढायच्या बेतात होते. इतर कंपन्यांकडे मोडकी स्की नेली तर चूक कोणाची यावर वाद होतो म्हणे. बाईंकडे कोणी मोडकी जोडी घेऊन आलं की त्यांचा चेहरा उजळे. "कशी मोडलीस? बस, सांग, पहिल्यापासून सांग!" त्या पोराला नवी जोडी मिळे आणि जुनी भिंतीवर जाई. डोंगरावरच्या पार्किंगमध्ये पोरांत बोलबाला झाला, की बर्नाबीत एक म्हातारी आहे, तिची स्की मोडली की तिला आनंद होतो. जाहिरात अशी ती एवढीच. स्की दाबायच्या एका यंत्राची दोन यंत्रं झाली ती या बोलबाल्यावर.

बाई कोणाला 'हॅलो' म्हणत नसत. सकाळी भेटल्यावर विचारत, "पडलीस का आज?"

मी अभिमानाने म्हणे, "नाही बाई."

बाई निराश होऊन निघून जात.

मला आधी कळेना. आमच्या घरात मी पहिली. पहिल्याने पडायचं नसतं, मागचे बघत असतात. चौथीपासून मी याच एका तत्त्वावर जगत आले होते, आणि इथे रोज सकाळी त्याबद्दल गुण कापले जात होते.

लिहिण्याचंही तेच. पहिल्यांदा मी लिहून नेलं, 'ही स्की म्हणजे हिमशिखरांवर झेपावणाऱ्या स्वप्नांचे पंख.' बाईंनी चष्मा लावून वाचलं. मग एक स्की उचलून माझ्यासमोर उलटीपालटी केली. "पंख कुठे लावलेत, दाखव."

दुसऱ्यांदा मी लिहिलं, 'अत्यंत दर्जेदार, भरवशाची आणि अतुलनीय.' बाईंनी पेन्सिलने एकेक शब्द खोडला. शेवटी कागदावर फक्त 'आणि' उरला. "हा शब्द चांगला आहे," त्या म्हणाल्या. "यापुढे काहीतरी लिही. पण जिथे तू पडली आहेस तिथलंच लिही."

"बाई, मी स्की कधी केलेलंच नाही."

"तेच म्हणतेय मी."

शेडमध्ये आणखी एक महत्त्वाचा माणूस होता, यंत्रावर काम करणारा. तो मोंट्रियलचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला मोंट्रियलकर म्हणे. हसून फ्रेंचमध्ये 'साल्यू', म्हणजे नमस्कार, म्हणायचा, आणि माझ्या डब्यातली कांदा-लसूण चटणी टोस्टला लावून खायचा. बाईही खायच्या. डोळ्यांतून पाणी येई तरी खात, आणि त्यातही पडल्याचं समाधान मानत.

मी लागले त्या वर्षी पानगळीच्या सुमारास बातमी आली, की देशभर दुकानं असलेली एक साखळी आमची स्की ठेवायचा विचार करते आहे. पहिला बर्फ पडला की त्यांची खरेदी-अधिकारी टोरांटोहून येणार, स्की स्वतः वापरून बघणार आणि मग ठरवणार. इकडे शेडची जागा विकली गेली होती, वसंतात ती पाडून तिथे कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची इमारत, उठणार होती. ऑर्डर मिळाली तर मोठी जागा घेता येणार. नाही मिळाली तर यंत्रं विकायची आणि आपलं नाव दुसऱ्या कंपनीला द्यायचं, एवढाच मार्ग बाईंकडे होता.

"म्हणजे पुन्हा फुलं," बाई म्हणाल्या.

नमुन्याच्या जोड्यांसाठी बाईंनी स्वतः लाकूड निवडलं. स्कीच्या पोटात लाकडाचा गाभा असतो. त्याच्या वर-खाली चिकट राळेत भिजवलेले थर लावून यंत्रात दाबतात. आमच्या स्कीची खूण अशी की सगळ्यात वरचा थर पारदर्शक, आतलं लाकूड दिसे. फुलं नाहीत, काही नाही. बाईंनी निवडलेले गाभे टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते.

आणि नेमकी तेव्हाच खंडेनवमी आली.

माझे वडील लेथ मशीनवर काम करतात. खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रं धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवतात. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "पूजा करणार न्हवं गं मशीनची?"

"बाबा, ते माझं मशीन नाही. मी नुसतं लिहिते."

"जिथलं खातीस तिथल्या मशीनला दोन बोटं लावाय काय जातंय? ते काय म्हनंल, मराठी न्हाई म्हनून नको?"

मी घरमालकीण काकूंना विचारलं. काका-काकू सत्तरच्या दशकात इकडे आलेले, त्यांना इथले सगळे धोके ठाऊक. "अगं कर की," काकू म्हणाल्या. "पण दोन गोष्टी लक्षात ठेव. उदबत्ती नको. स्मोक अलार्म वाजतो आणि फायर ट्रक येतो, ह्यांच्या साठीला आला होता. आणि स्वस्तिक अजिबात काढायचं नाही हं, इथे लोक भलतंच समजतात. नुसती पाच बोटं ओढ." आणि बॅकयार्डमधला उरलासुरला झेंडू त्यांनी पिशवीत घालून दिला.

उदबत्ती लावली नाही. स्वस्तिक काढलं नाही. तेलाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

झालं असं, की कोरडं कुंकू यंत्राच्या लोखंडाला चिकटेना. पर्समध्ये केसांना लावायचं खोबरेल होतं. मी हळद-कुंकू त्यात कालवलं आणि दोन्ही यंत्रांवर पाच-पाच बोटं ओढली. छान उठली. वर काकूंचा झेंडू ठेवला. मग टेबलावरचे गाभे दिसले. यंत्राला केलं आणि ह्यांना नाही, हे बरं दिसेना. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांत एकीला वगळावं तसं. म्हणून प्रत्येक गाभ्याला मधोमध एकेक बोट लावलं, नमस्कार केला, आणि लेक्चरला उशीर होईल म्हणून बस पकडायला धावले.

त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, हे मी कोणाला सांगितलंच नाही. आज्ञाधारक माणूस मालकाला कारखाना बंद ठेवा म्हणून कसं सांगणार?

मोंट्रियलकर कामावर आला. बाई निवडलेल्या लाकडावर लाल पेन्सिलने खूण करत. त्याला वाटलं, या वेळी खूण जरा उत्साहाने केली आहे. त्याने झेंडू अदबीने रेडिओवर ठेवला आणि सगळेच्या सगळे गाभे राळ लावून दाबून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा जोड्या यंत्रातून निघाल्या होत्या. पारदर्शक थराखाली प्रत्येक स्कीच्या मधोमध माझं बोट होतं. लाल, पिवळं, आणि भोवती तेलाचं वर्तुळ. बाई आणि मोंट्रियलकर वाकून बघत होते.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कुंकू. आणि हळद." मग आवाज खाली गेला. "आणि खोबरेल तेल."

तेल म्हटल्यावर मोंट्रियलकर खुर्चीवर बसला आणि फ्रेंचमध्ये देवाला हाक मारली. तेल लागलेल्या लाकडाला राळ धरत नाही. आणि मी बोट लावलं होतं ते बरोबर बूट अडकतो त्या जागी, जिथे सगळा जोर येतो. तसलं वाळवलेलं लाकूड पुन्हा मिळायला हिवाळा निम्मा झाला असता.

बाई ओरडतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी विचारलं, "पण का लावलं?"

मी सांगितलं. वर्षातून एक दिवस यंत्राचे आभार मानायचे. त्याला सजवायचं, आणि त्या दिवशी काम करू द्यायचं नाही.

"काम करू द्यायचं नाही?"

"नाही. सुट्टी असते त्याची."

"आणि आपण करून घेतलं."

"हो."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. त्यावर माझी पाच बोटं अजून होती. "मग यंत्राचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

पहिला बर्फ पडला आणि आम्ही तिघं समोरच्या डोंगरावर गेलो. बाईंचा नियम होता, स्की धरेल की नाही हे बोलून कळत नाही, मोडून बघायची. सगळ्यात मोठं बोट उमटलेली जोडी त्यांनी स्वतःच्या पायांत घातली.

"बाय, नो," मोंट्रियलकर म्हणाला. "गुडघे. डॉक्टर. मी जातो."

"तेल लावलेल्या स्कीवर दुसऱ्याला पाठवू?" एवढंच म्हणून त्या लिफ्टकडे गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "तू इथे उभी राहून काय करणार? गाडीत माझी जुनी जोडी आहे. पड."

ती जोडी गुडघ्यांच्या ऑपरेशनांच्या आधीची, त्याच मापाची आणि त्याच पद्धतीने बनवलेली. वर इतके ओरखडे होते की आतलं लाकूड दिसेना. ती घालून मी शिकाऊ लोकांच्या उतारावर गेले. तिथे सगळी पाच-सहा वर्षांची मुलं होती. मी पडले. उठताना पडले. न हलता उभी असताना पडले, हे कसं ते मला अजून सांगता येत नाही. गुलाबी हेल्मेट घातलेली एक मुलगी माझ्याजवळ येऊन थांबली आणि दयेने म्हणाली, "पिझ्झा कर, पिझ्झा!" स्कीची पुढची टोकं जुळवून त्रिकोण केला की वेग कमी होतो, त्याला इथली मुलं पिझ्झा म्हणतात. मला भाकरी येते. पिझ्झा येईना. मी सरळ जाऊन जाळीत अडकले.

जाळीत पडल्यापडल्या मला वरचा मोठा उतार दिसत होता. बाई आल्या, उडाल्या, फिरल्या, आणि पाठ उताराकडे करून टेकल्या. जिना उतरत तशाच, फक्त कठडा नव्हता. स्की धरली. मोंट्रियलकर टाळ्या वाजवत ओरडला, "झालं! पुरे!" बाई पुन्हा वर गेल्या. पुन्हा धरली. पुन्हा वर. शेवटी एकदा त्या टेकल्या आणि पापड मोडल्यासारखा आवाज मला जाळीपर्यंत ऐकू आला. बाई आडव्या घसरत गेल्या आणि थांबल्या.

मी धावले. म्हणजे पडत पडत पोचले. मोंट्रियलकर त्यांच्या गुडघ्याला हात लावत होता आणि बाई त्याचा हात झटकत होत्या. "ते राहू दे! कुठे फाटली ते बघ आधी!"

बरोबर बोटाखाली फाटली होती.

गुडघ्याला फक्त मुका मार होता. पार्किंगमध्ये गाडीच्या मागे बसून बाई फाटलेली जागा बोटाने चाचपत राहिल्या. आठवड्याभरात खरेदी-अधिकारी येणार होती, आणि तिच्या पायांत घालायला एकही जोडी उरली नव्हती. मोंट्रियलकर हळूच म्हणाला, की बाकीच्या कदाचित धरतील, एका दिवसाचाच प्रश्न आहे. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने बर्फ झटकू लागला. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

"पडलीस का आज?"

"हो बाई," मी म्हटलं. त्यांना असं उत्तर देताना पहिल्यांदाच माझा आवाज मोठा होता.

"किती?"

"मोजायचं सोडून दिलं."

"आणि स्की?"

मी खाली पाहिलं. "स्की ठीक आहे."

"काढ ती," बाई म्हणाल्या.

खरेदी-अधिकारी आली ती नव्या कोऱ्या जाकिटात. बाईंनी तिला आधी भिंतीपाशी नेलं आणि सगळ्यात नवी मोडकी स्की दाखवली. खाली माझं नाव खडूने लिहिलं होतं. हे असं झालं, त्यामुळे नवी जोडी देता येत नाही, ही माझी जुनी घ्या, असं बाईंनी सांगितलं. ती ओरखड्यांकडे बघत राहिली. पण खेळाडू होती, घेऊन डोंगरावर गेली. आम्ही शेडमध्ये बसलो. मोंट्रियलकरने चटणी खाल्ली नाही.

ती परत आली ती लाल गालांनी आणि अंगभर बर्फ घेऊन. "ही किती हिवाळे वापरलीत?"

"माझे गुडघे गेले. ही गेली नाही," बाई म्हणाल्या.

तिने ती स्की उलटी केली, कडा बोटाने तपासल्या, बूट अडकतो ती जागा दाबून पाहिली. "नव्या जोड्या सगळेच मला देतात," ती म्हणाली. "जुनी कोणी दाखवत नाही." मग मागणी किती, कधीपर्यंत, हे बोलणं सुरू झालं आणि मोंट्रियलकरने टोस्ट काढला.

खरं सांगते, तोवर माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. ते लाल बोट हीच आपली खूण होईल, पोरं वेडी होतील, कोणीतरी मला कल्पना कशी सुचली म्हणून विचारेल, मी नम्रपणे उत्तर देईन. निघताना भिंतीकडे बोट दाखवून खरेदी-अधिकारी म्हणाली, "आमच्या मालावर ते लाल काही येणार नाही, एवढं बघा."

त्यानंतर बाईंनी मला वर बोलावलं आणि नव्या खोक्यांसाठी मजकूर मागितला. मी बसून राहिले. पंख नको, दर्जेदार नको. मग लिहिलं, 'मी या स्कीवरून पडले. स्की ठीक आहे.' बाईंनी पेन्सिल उचलली, वाचलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. आज देशभरच्या दुकानांत त्या खोक्यांवर तेवढंच आहे. पोरं त्याचे स्टिकर गाडीला लावतात. माझं छापून आलेलं एकमेव लिखाण.

बाबांना फोटो पाठवून अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, "म्हंजे साऱ्या कॅनडाला कळलं तू पडलीस त्ये?"

"हो बाबा."

"आनि नोकरी हाय?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ दे."

सध्या मी शिक्षणाचाच भाग म्हणून ओटावात एका सरकारी कचेरीत काम करते. इथे सगळे जपून चालतात, मीही. परवा खंडेनवमीला बाईंचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज नव्हता. नवी जागा मोठी आहे, त्यामुळे शांतताही मोठी वाटली.

"दोन्ही बंद ठेवलीत," त्या म्हणाल्या. "बोटं पाच ओढली. तेल लावलं नाही. आभार मानले. मागच्या वेळचं सॉरीही म्हटलं. ते चालतं ना?"

"चालतं बाई."

"पडलीस का आज?"

"ओटावात अजून बर्फ पडला नाही."

"बर्फाचा काय संबंध?"

मग मी सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्या लोकांसमोर उभी राहून बोलले होते. मध्येच इंग्रजी आटलं, हातातले कागद खाली पडले, आणि मी वाकून ते गोळा करत असताना खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पहिल्यापासून, मोडकी स्की आणणाऱ्या पोराचं ऐकत तसं.

"आणि स्की?" त्यांनी विचारलं.

मी जरा विचार केला. कागद गोळा करून मी उरलेलं बोलले होते, शेवटपर्यंत.

"स्की ठीक आहे, बाई."